अंगणातली तीस यार्डांची रेघ

न्यू पिसेक, टेक्सस
१४ मार्च

लाडकी मार्सेला,

अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवीन आहे. मला ते आवडलेलं नाही आणि त्याला मी आवडलेली दिसत नाही.

तुझी आई होती तेव्हा आम्हा बहिणींची महिन्याला दोन पत्रं व्हायची. ती गेल्यावर या मावशीला, तुझ्या तेताला, लिहायला तू तिची जागा घेतलीस, हे बरं केलंस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि नेमकं नको ते अर्धं.

इकडे आठवडाभर पाऊस आहे. आपली काळी माती तुला आठवत असेलच. उन्हाळ्यात भेगा अशा, की शेजारच्या एर्विनचा चष्मा एकीत गेला तो गेलाच. आणि पावसात ती फुगून बसते आणि थेंबभर पाणी खाली सोडत नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या गॅरेजपर्यंत नुसतं तळं झालंय. गॅरेजात आमचं डॉमिनोचं टेबल. रविवारी चर्चहून आलं की चौघांचा 'बेचाळीस' नावाचा डाव असतो, मी, एर्विन आणि मिकेश नवराबायको. एर्विन मागच्या फाटकातून येतो. गेल्या रविवारी त्याचा बूट चिखलातच राहिला आणि पाय पुढे आला. मोज्यावर खेळला आणि जिंकला, म्हणून आता बूट काढूनच खेळायचं म्हणतोय.

रेमंड दर रविवारी संध्याकाळी डॅलसहून फोन करतो आणि पहिलं वाक्य एकच, "आई, ठरलं का?" त्याने तिथे एक जागा पाहून ठेवली आहे, म्हाताऱ्यांची. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे आहेत म्हणे. मी विचारलं, "स्वयंपाकघर आहे का?" तर म्हणाला, "गरज काय? सगळं आयतं मिळतं." माझा मुलगा आहे, पण कोलाचे, आपले सारण भरलेले गोड पाव, आयते खाल्ल्याने माणूस म्हातारा होतो हे त्याला कळत नाही.

म्हणून मी एक गंमत केली आहे. शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर नवं कृत्रिम गवत घातलं, आणि जुन्याच्या गुंडाळ्या चर्चच्या जत्रेत लिलावाला आल्या. एक मी घेतली. बोली चढतच होती. कोण मेला वाढवतोय म्हणून वळून पाहिलं तर एर्विन! "तुझ्यासाठीच घेत होतो, अल्बिना," म्हणाला. चर्चचं तेवढं भलं झालं.

अंगणभर ते पसरलं की चिखल संपला, आणि रेमंडचं बोलणंही. मला हे घर सोडायचं नाही, मार्सेला. हे एवढं तुलाच सरळ सांगते.

तुझी तेता

•

रॉकपोर्ट
२२ मार्च

प्रिय तेता,

पेनाचा दोष नाही. तुझी अक्षरं आयुष्यभर उजवीकडे झुकत आली, या वेळी सगळी डावीकडे पडली आहेत. कुठल्या हाताने लिहिलंस?

मला राहवलं नाही, मी रेमंडला फोन केला. "तेताच्या हाताला काय झालंय?" असं विचारलं, आणि तो म्हणाला, "कुठल्या हाताला?" तेव्हा त्याला काही ठाऊकच नव्हतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग त्याने थेट एर्विनला गाठलं. तू चिखलात घसरून पडलीस, मनगट मोडलं, आणि एर्विनला मेरीमातेची शपथ घातलीस हे सगळं बाहेर आलं. एर्विन म्हणाला, शपथ रेमंडला सांगायची नाही अशी नव्हती, स्वतःहून सांगायची नाही अशी होती.

आता तू माझ्यावर चिडशील. चीड. पण आणखी एक सांगते म्हणजे एकदाच काय ते चिडून होईल. महिन्यापूर्वी रेमंडने मला विनंती केली होती, की तुझं ती ऐकते, तूच तिला डॅलसला यायला समजाव. आणि मी हो म्हटलं होतं. या पत्रात तेच लिहायला बसले होते. पण तुझं पत्र समोर होतं, डाव्या हाताने इतकं सगळं लिहिलेलं, आणि त्यात एकदाही "दुखतंय" नाही. मला ते समजावणं जमेना.

तुझ्या घराच्या भिंतीला लागून आईच्या लिली आहेत ना अजून? त्या दुधाळ पाकळीवर वाइनच्या रेघा असलेल्या? त्यांच्यावर ते गवत टाकू नकोस.

तुझी
मार्सेला

•

न्यू पिसेक
१९ एप्रिल

मार्सेला,

चिडले होते. दोन दिवस. मग तिसऱ्या दिवशी खसखशीचे कोलाचे केले, एका हाताने, तुझ्या नावाने पीठ बडवून, आणि बरं वाटलं.

रेमंड त्याच शनिवारी आला. अंगणाकडे पाहिलं, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि टेबलाशी बसून म्हणाला, "आई, मी वाईट नाही." मी म्हटलं, "मला माहीत आहे रे. तू वाईट असतास तर सोपं गेलं असतं." मग आमचं ठरलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला तो टर्की खायला येईल. तोवर अंगणातून गॅरेजपर्यंत कोरड्या बुटांनी जाता आलं आणि घर धडधाकट असलं, तर तो डॅलसचं नाव काढणार नाही. नाहीतर मी मुकाट्याने बॅग भरायची. त्याने हात पुढे केला. मी डावा दिला.

आता गवताचं ऐक. एर्विन आणि मिकेशने ती गुंडाळी चिखल सपाट करून तशीच वर उलगडली. दिसायला काय दिसलं म्हणून सांगू! हिरवंगार, आणि मधोमध पांढरी रेघ, तिच्याशेजारी हा मोठा तीसचा आकडा. मैदानावर असतो तसा. एर्विन रेघेवर उभा राहून म्हणाला, "अल्बिना, गोल आता तीस यार्डांवर."

रात्री पाऊस आला. सकाळी मी दार उघडलं, गवत कोरडं दिसत होतं. पाय ठेवला आणि अख्खं अंगण हललं. खाली पाणीच पाणी, वर गवत. पाण्याच्या गादीवर चालावं तसं. मी मागे सरले, पण एर्विन फाटकातून ऐटीत आला आणि निम्म्या वाटेवर त्याच्या पायाखालून अशी लाट निघाली, की ती माझ्या पायरीला येऊन थडकली. तो तीसच्या आकड्यावर बसला. बसूनच राहिला.

"लागलं का रे?" मी ओरडले.

"नाही. विचार करतोय."

"कसला?"

"की तू मला बोली जिंकू द्यायला हवी होतीस. मग हे माझ्या अंगणात झालं असतं आणि तू हसली असतीस."

मी हसतच होते. पण आत येऊन बसले तेव्हा हसू गेलं. त्या गवतावर मी सगळी आशा लावून बसले होते गं.

तेता

•

रॉकपोर्ट
२७ एप्रिल

प्रिय तेता,

तू माझ्या वाळूच्या गावी असतीस तर हा प्रश्नच नव्हता. इथे बादली ओतली की पाणी कुठे गेलं ते शोधावं लागतं. पण आमच्या शाळेचं पटांगण जुन्या भाताच्या शेतात आहे, तिथे तुमच्यासारखीच चिकण माती. मुलांच्या खेळण्याच्या जागी असंच गवत घातलंय आणि ते पावसातही पक्कं असतं. मी आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "गवत म्हणजे वरची टोपी. काम खालची खडी करते."

म्हणजे वरची वीतभर माती काढून टाकायची. तळाला घरापासून दूर जाणारा उतार द्यायचा. मधून भोकांचा पाइप टाकायचा, तो रस्त्याकडेच्या चरात सोडायचा. माती खडीत मिसळू नये म्हणून जाड कापड, त्यावर खडी दाबून, आणि मग तुझा तीसचा आकडा. पाणी गवताच्या भोकांतून खाली, खडीतून पाइपात, पाइपातून बाहेर. मातीने पाणी प्यावं अशी अपेक्षाच करायची नाही.

हे तुम्हा तिघांच्याने होणार नाही. मशीनवाला बोलव. एर्विनला सांग की देखरेख हे फार मोठं काम आहे.

लिली खणाव्या लागतील, असं दिसतंय. जपून काढ. आई म्हणायची, त्या आजीने बोहेमियाहून आलेल्या बाईकडून घेतल्या होत्या. खरं असो नसो.

मार्सेला

•

न्यू पिसेक
६ जून

लाडकी मार्सेला,

बघ, अक्षर कुठे झुकलंय!

झालं सगळं. ग्वादालूपे म्हणून एक बाई आली, छोटं खोदणारं मशीन आणि दोन भाऊ घेऊन. भावांवर ती अशी ओरडायची, की मिकेशची बायको खुर्ची टाकून ऐकायला बसायची. एर्विन देखरेख करायला उभा राहिला. पहिल्या दिवशी ती त्याला "सर" म्हणाली, दुसऱ्या दिवशी "एर्विन", तिसऱ्या दिवशी "बाजूला व्हा".

तू लिहिलंस तसंच केलं. उतार, कापड, खडी, पाइप. गवत थेट भिंतीपर्यंत ताणून घेतलं, कुठे मातीचा ठिपका दिसायला नको म्हणून. लिलीचे कांदे निघाले ते पाहून ग्वादालूपेने छातीवर क्रॉसच काढला. लहान मुलाच्या डोक्याएवढे! ते आता गॅरेजात पोत्यावर पसरले आहेत, आणि त्यांच्यावर खिळ्याला आमच्या ह्यांची, तुझ्या लाडीकाकांची, ती भोकाभोकांची पाझरती नळी टांगली आहे. ते गेल्यापासून दर मेमध्ये भिंतीकडेने ती नळी लावायचा उद्योग माझ्याकडे असायचा. संपला एकदाचा. पाण्याने मला इतकं छळलंय, की आता मी त्याला आपणहून घरी बोलावणार नाही.

आणि मग पाऊस आला. ढगांनी आकाश काळं केलं तेव्हा आम्ही चौघं गॅरेजात होतो. पत्ते खेळतात तसे डॉमिनो हातात धरून, पण लक्ष सगळं बाहेर. तासभर कोसळला. थांबल्यावर मी घरात घालायच्या कापडी चपला पायात घातल्या आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. परत आले. मिकेशने चपला उलट्या करून तळ बोटाने तपासले आणि न्यायाधीशासारखा म्हणाला, "कोरड्या." तिकडे रस्त्याच्या चरात पाइपाच्या तोंडातून पाणी धो धो पडत होतं. एर्विन ते बघायला गेला आणि बराच वेळ आला नाही. म्हणाला, छान दिसत होतं.

त्या रविवारी रेमंडने विचारलं, "आई, ठरलं का?" मी म्हटलं, "चपला कोरड्या आहेत."

एकच तक्रार. त्या मैदानाच्या गवतातले काळे रबराचे दाणे सगळीकडे जातात. काल कोलाचेवर खसखस जरा कडक लागली. मी कुणाला काही बोलले नाही.

तेता

•

रॉकपोर्ट
१५ जून

तेता, मी तुझं पत्र शाळेच्या ग्रंथालयात वाचत होते आणि एवढ्या मोठ्याने हसले, की मुलांनी मलाच "शू" केलं. एर्विनला सांग, पुढच्या वेळी मीही येऊन पाइप बघणार आहे. मा.

•

न्यू पिसेक
२१ ऑगस्ट

मार्सेला,

हे पत्र दोनदा सुरू करून टाकून दिलं.

जूनच्या त्या पावसानंतर इथे थेंब नाही. सगळ्यांची अंगणं पावाच्या सालीसारखी झाली आहेत. नगरपालिकेने गवताला पाणी घालायला बंदी केली आहे. आणि भर उन्हात माझं अंगण हिरवं! दुपारी इतकं तापतं की पाय ठेवता येत नाही, पण रंग बघावा. एक दिवस दाराच्या मुठीला पिवळी चिठ्ठी लटकलेली, "आपण निर्बंध मोडून हिरवळीला पाणी देत आहात." मी ती घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "बाळ, ते प्लास्टिक आहे." ती म्हणाली, "आजी, सगळे असंच काहीतरी म्हणतात." शेवटी तिचा साहेब स्वतः अंगणात आला, वाकला, एक पातं उपटायला गेला आणि हातात काळे दाणे घेऊन उठला. आठवडाभर गावात तीच गोष्ट चालली होती. चिठ्ठी मी फ्रिजवर लावली आहे.

हे मी आधी लिहिलं कारण पुढचं लिहायला नको वाटतंय.

शनिवारी रेमंड आला. अंगण बघून खूश होता. त्या तीसच्या रेघेवर उभा राहिला. शाळेत चार वर्षं त्या संघात होता आणि एकदाही बाकावरून उठला नाही, तुला आठवतं? म्हणाला, "आई, शेवटी मैदानावर आलो." आम्ही दोघं हसलो. मग तो न्हाणीघरात गेला आणि दार लावलं.

ते उघडेना.

आधी त्याने हाक मारली, मग ओढलं, मग लाथा. मी बाहेरून खांदा लावला. एर्विनला बोलावलं. तो पहार घेऊन आला आणि दाराला कान लावून विचारतो, "रेमंड, तू आत आहेस का?"

"दुसरीकडे कुठे असणार, एर्विनकाका?"

शेवटी बिजागऱ्या काढून दार उतरवलं. तेव्हा दिसलं, चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तडा गेला आहे. हात घालण्याएवढा नाही, पण पेन्सिल जाईल असा. रेमंड घराभोवती फिरला. भिंतीशी गवत उचलून पाहिलं तर माती घरापासून सुटून आली आहे. माझा हात मावेल एवढी फट.

तो अजिबात ओरडला नाही. टेबलाशी बसला आणि हळू म्हणाला, "आई, अंगण झालं. पण घर खचतंय." जाताना म्हणाला, डॅलसची खोली रिकामी झाली आहे, थँक्सगिव्हिंगपर्यंत राखून ठेवायला सांगतो.

मार्सेला, मला पहिल्यांदाच वाटलं, त्याचं बरोबर असेल. या आठवड्यात मी कपाटातल्या बश्या काढून बघितल्या, कुठल्या न्यायच्या आणि कुठल्या तुला द्यायच्या.

तेता

•

रॉकपोर्ट
२५ ऑगस्ट

तेता,

बश्या परत कपाटात ठेव. आता लगेच. मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचून मी रात्रभर तळमळत नव्हते, उगाच खोटं कशाला लिहू, झोपले होते. पण सकाळी झाडांना पाणी घालताना हातातल्या नळीकडे बघत उभी राहिले. मी सहा-सात वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी, तुझं अंगण. लाडीकाका भिंतीकडेने नळी अंथरायचे आणि आई पायरीवर बसून अक्रोडासारखे पिकन फोडायची. मी विचारलं, "काका, फुलांना एवढं पाणी?" ते म्हणाले, "फुलांना नाही गं. घराला पाजतोय." मला वाटलं थट्टा करताहेत. मी भिंतीला कान लावून घर पाणी पिताना ऐकू येतंय का ते बघितलं होतं.

तेता, ती नळी लिलींसाठी कधीच नव्हती. लिली आपल्या फुकट जेवून जायच्या. माती वाळली की आकसते, घराच्या पायापासून सुटते, म्हणून ते उन्हाळाभर तिला कडेने ओली ठेवायचे. आणि आपण काय केलं? पावसाचं होतं नव्हतं ते पाणी पाइपाने रस्त्यावर घालवलं, भिंतीपर्यंत गवत ताणलं, आणि नळी खिळ्याला टांगली. मीच तर लिहिलं होतं, "मातीने पाणी प्यावं अशी अपेक्षाच करायची नाही."

भिंतीकडेने गवताची हातभर रुंद पट्टी कापून काढ. खालची खडी उचल, चांगली माती भर, नळी लाव. एकदम भरपूर नको, रोज थोडं. नगरपालिकेला आधी विचार, पायाला पाणी द्यायला बहुतेक बंदी नसते.

आणि त्या पट्टीत आईच्या लिली लाव. माती त्यांना धरून ठेवेल आणि त्या मातीला.

हवं तर मी येते. नको म्हणालीस तरी येते.

मार्सेला

•

न्यू पिसेक
२ डिसेंबर

लाडकी मार्सेला,

तू सप्टेंबरात येऊन गेल्यापासून मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. रोज एकच बातमी होती, नळी लावली, नळी बंद केली.

एर्विनला मी विचारलं होतं, "तुझ्या घराला तू दर उन्हाळ्यात पाणी पाजतोस, मग माझं विसरलं हे तुला दिसलं नाही?" तो म्हणाला, "मला वाटलं, तुझी नळी गवताखाली असेल. नवीन पद्धत!" मी तरी त्याला काय बोलणार. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ती नळी बघत होते. मला माहीत नव्हतं असं नाही. पाण्यावर इतकी रागावले होते, की ते कधी हवंही असतं हे विसरून गेले.

तू आणि मी लावलेले कांदे आधी नुसतेच बसून होते. मग ऑक्टोबरात पाऊस आला, हळू, चांगला. भिंतीजवळची फट आधी बोटाएवढी झाली, मग दिसेनाशी. न्हाणीघराचं दार एर्विनने परत बसवलं होतं, पण ते पूर्ण लागत नव्हतं. मी रोज सकाळी ते ढकलून बघायची. लोक आरशात बघतात तसं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी परत पाऊस. सणाच्या दिवशी दुपारी रेमंड आला. पुढच्या दाराने नाही, मुद्दाम मागून. फाटकातून गॅरेज, गॅरेजातून त्या रेघेवरून स्वयंपाकघर. पायरीवर बसून बूट काढून पाहिले आणि बाजूला ठेवून दिले. टर्की ओव्हनमध्ये होती. तो थेट न्हाणीघराकडे गेला. मी भांडी घासत होते, म्हणजे नळ नुसता सोडून उभी होते.

दार लागल्याचा आवाज आला. मग उघडल्याचा. मग परत लागल्याचा. मार्सेला, माझा पन्नाशीचा मुलगा किती वेळ ते दार उघडझाप करत होता! शेवटी मीच ओरडले, "अरे, आत बसून राहा हवं तर, पण टर्की करपतेय!"

बाहेर आला तेव्हा तडा गेलेल्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "याला लांबी भरून रंग द्यायला हवा. वसंतात देतो." बस. बॅगेचा विषय नाही, डॅलसच्या खोलीचा नाही. मीही काढला नाही. संध्याकाळी चौघांचा पाच जणांनी डाव खेळला, रेमंड एर्विनच्या मागे उभा राहून त्याला चुकीचे सल्ले देत होता.

लिलींनी हिरवी पानं काढली आहेत, भिंतीच्या उबेला. प्लास्टिकच्या हिरव्याशेजारी खरं हिरवं किती मळकं दिसतं गं! मला तेच बघत बसावंसं वाटतं. जूनमध्ये फुलतील. तेव्हा शाळेला सुट्टी असेल, ये. मी इथेच आहे.

काल रविवार होता. संध्याकाळी फोन वाजला. मी रिसीव्हर चांगल्या कानाला लावला आणि सवयीने उत्तर तयार ठेवलं.

"आई," रेमंड म्हणाला, "तीन आठवडे पाऊस नाही म्हणतात. नळी लावलीस का?"

तुझी
तेता